देवघराआधी स्वयंपाकघर

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत क्लब हाऊसमध्ये दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. बोलताना झालेली दोन-तीन विषयांतरं इथे गाळली आहेत.)



कमिटीने मला दिलेला विषय आहे, ‘जगातील गूढ अध्यात्म परंपरा’. वेळ दिलेली आहे पाऊण तास. अख्ख्या ब्रँचचं ऑडिट जेवणाच्या सुट्टीत उरकायला सांगावं, तसं हे झालं! त्यामुळे मी सगळी खाती उघडणार नाही. एकच खातं उघडणार आहे. ते कोणतं, हे थोड्या वेळाने कळेलच.

आधी ‘गूढ’ या शब्दाबद्दल. गूढ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अंगारे-धुपारे, कवट्या, अमावास्येची रात्र असं काहीतरी येतं. ते आज बाजूला ठेवू. जवळजवळ प्रत्येक धर्मात एक मोठा रस्ता असतो. सण, उपास, पूजा, नमाज, प्रार्थना. त्यावरून बहुतेक सगळे चालतात. त्याच धर्मात काही थोडी माणसं अशी निघतात, की ज्यांना नुसतं ऐकून समाधान होत नाही. साखर गोड असते हे त्यांना मान्य असतं, पण ती जिभेवर हवी असते. त्यांनी आपापले मार्ग शोधले, शिष्यांना शिकवले, आणि अनधिकारी माणसाच्या हाती पडू नयेत म्हणून थोडे झाकून ठेवले. या अर्थाने ते ‘गूढ’.

बँकेतल्या नोकरीत बदल्या झाल्या, तसतशी ठिकठिकाणच्या वाचनालयांतून मी या विषयावरची पुस्तकं वाचत आलो. रिटायर झाल्यावर तर दोन कपाटं भरली. पण या विषयातली खरी किल्ली मला पुस्तकात मिळाली नाही. ती हिने, म्हणजे माझ्या पत्नीने, मला दिली. तीही सहज बोलता बोलता.

२०१४ साली आम्ही दोघं एका ग्रुपबरोबर तुर्कस्तानला गेलो होतो. तिथे कोन्या नावाचं गाव आहे. जलालुद्दीन रूमी या सूफी संताची तिथे कबर आहे. जन्म १२०७, मृत्यू १७ डिसेंबर १२७३. त्यांच्या मागे त्यांचा मुलगा सुलतान वलद याने शिष्यांची जी परंपरा बांधली, ती मेवलेवी. पांढरे घोळदार झगे आणि डोक्यावर उंच टोप्या घालून गोल गोल फिरणारे दरवेशी तुम्ही टीव्हीवर पाहिले असतील, ते हेच. १९२५ साली तुर्कस्तानच्या सरकारने असे सगळे मठ बंद केले. आता तिथे म्युझियम आहे.

आमच्या गाइडला घाई होती. कबर दाखवली, फोटो काढा म्हणाला, चला म्हणाला. मी कबरीपाशी भारावून उभा होतो आणि ही दिसेना. शोधत गेलो तर ही मठाच्या स्वयंपाकघरात! तिथे दरवेशांचे पुतळे मांडून ठेवलेले आहेत. तिने मला विचारलं, “अहो, एवढ्या मोठ्या संताच्या मठात स्वयंपाकघर का हो दाखवतात?”

मला ते पुस्तकातून माहीत होतं. मी ऐटीत सांगितलं. मेवलेवी मठात नवा माणूस आला की त्याला मंत्र देत नसत, नाच शिकवत नसत. आधी स्वयंपाकघराच्या दाराशी मेंढीच्या कातड्यावर तीन दिवस गप्प बसवत. फक्त बघायचं. त्यानंतरही राहायची इच्छा असेल तर कामाला लावत. झाडलोट, बाजारहाट, भांडी घासणं, ताटं मांडणं, दिवे लावणं, संडास साफ करणं. अशी अठरा प्रकारची कामं ठरलेली होती. नवशिक्यांवर देखरेख कोणाची? तर मठाच्या आचाऱ्याची. त्याचा मान फार मोठा. गोल फिरण्याचा सरावसुद्धा या काळातच. लाकडी फळीवर मधोमध एक खिळा, तो डाव्या पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात धरायचा, पाय सोलू नये म्हणून फळीवर मीठ टाकायचं, आणि फिरायचं. ही सेवा एक हजार एक दिवसांची. मध्ये सोडून गेला आणि परत आला, तर पुन्हा पहिल्या दिवसापासून. आणि माणूस मठाला पसंत नसेल तर त्याला कोणी घालवून देत नसत. त्याचे जोडे दाराकडे तोंड करून ठेवत. त्याने समजून घ्यायचं.

हे सगळं हिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, “एक हजार एक दिवस? म्हणजे पावणेतीन वर्षंच की!”

एवढंच बोलली आणि पुढे निघाली. तेव्हा मी हसलो. बसमध्ये इतरांना सांगूनही हसलो. त्या वाक्याचा अर्थ कळायला मला पुढे पाच वर्षं लागली. त्याकडे शेवटी येतो.

पण घरी आल्यावर मी एक केलं. माझी तीच पुस्तकं पुन्हा काढली आणि शोधायला लागलो, की बाकीच्या गूढ परंपरांत स्वयंपाकघराचं काय? आणि मंडळी, मी चकित झालो. हेच ते मघाशी म्हटलेलं एक खातं.

आता जपानला जाऊ. तिथली झेन परंपरा तुम्ही ऐकली असेल. भिंतीकडे तोंड करून तासन्‌तास बसतात, ते. या परंपरेतले एक फार मोठे आचार्य डोगेन, जन्म १२०० सालचा. खरा धर्म शिकायचा म्हणून हे १२२३ मध्ये जहाजाने चीनला गेले. जहाज बंदरात थांबलेलं असताना एक म्हातारा भिक्षू अळंबी विकत घ्यायला जहाजावर आला. तो एका मठाचा आचारी होता, वय एकसष्ट. डोगेन तरुण, उत्साही. त्यांनी आग्रह केला, की आज इथेच थांबा, आपण धर्मावर बोलू. म्हातारा म्हणाला, जमणार नाही, उद्याचा स्वयंपाक माझ्याकडे आहे. डोगेननी विचारलं, की एवढ्या मोठ्या मठात दुसरं कोणी नाही का? आणि या वयात ध्यान, ग्रंथ सोडून तुम्ही स्वयंपाक काय करत बसलात? त्यावर तो म्हातारा मोठ्याने हसला आणि साधना कशाला म्हणतात हे तुला अजून कळलेलं नाही, अशा अर्थाचं काहीतरी बोलून अळंबी घेऊन चालता झाला.

नंतर एका दुसऱ्या मठात डोगेनना असाच एक आचारी भेटला. अडुसष्ट वर्षांचा, पाठ वाकलेली, भर उन्हात टोपीसुद्धा न घालता अळंबी वाळवत होता. हे काम मदतनिसाला का देत नाही, असं विचारल्यावर तो म्हणाला, की दुसऱ्याने केलेलं माझं कसं होईल? मग निदान ऊन उतरल्यावर करा, तर म्हणाला, मग कधी करू? डोगेन निरुत्तर झाले.

जपानला परतल्यावर १२३७ साली त्यांनी मठाच्या आचाऱ्यासाठी एक स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. तांदूळ कसे निवडावे, खडे कसे बघावे, उद्याची तयारी आज कशी करावी, भांडी जागच्या जागी कशी ठेवावी. बघा, जगातल्या मोठ्या तत्त्वज्ञांत ज्यांचं नाव घेतलं जातं, तो माणूस तांदळातल्या खड्यांवर लिहितो! आजही झेन मठात आचारी हा मुख्य अधिकाऱ्यांपैकी एक असतो.

युरोपात काय? बायबलात मार्था आणि मेरी या दोन बहिणींची गोष्ट आहे. येशू घरी येतात. मेरी त्यांच्या पायाशी बसून ऐकते, मार्था एकटी राबते आणि शेवटी तक्रार करते. येशू मेरीची बाजू घेतात. त्यामुळे ध्यान श्रेष्ठ आणि काम दुय्यम, असा अर्थ शेकडो वर्षं लावला गेला. पण जर्मनीत माइस्टर एकहार्ट नावाचे एक धर्मोपदेशक होऊन गेले, साधारण १२६० ते १३२८. त्यांनी एका प्रवचनात हा अर्थ उलटा केला. त्यांचं म्हणणं असं, की मेरी अजून शिकत होती, तर मार्था शिकून पुढे गेलेली होती. तिला काम करतानाही देवापासून दूर जावं लागत नव्हतं. एकहार्टांची इतर काही मतं चर्चला रुचली नाहीत. त्यांच्या मृत्यूनंतर १३२९ मध्ये पोपनी त्यांच्या अठ्ठावीस विधानांवर ठपका ठेवला.

पुढे स्पेनमध्ये आविलाची संत तेरेसा झाली, १५१५ ते १५८२. तिने आत्म्याला सात महालांच्या किल्ल्याची उपमा देऊन ग्रंथ लिहिला. तिला समाधीचे, भावावस्थेचे अनुभव येत. पण शिष्यांना तिने सांगितलेली कसोटी फार साधी आहे. तुमचं देवावर किती प्रेम आहे हे कळायला मार्ग नाही, शेजारणीवर किती आहे ते मात्र लगेच कळतं. आजारी बाई दिसली तर ध्यान सोडून उठा. आणि सातव्या महालात पोचल्यावरसुद्धा तिने मार्था आणि मेरी दोघींना एकत्रच ठेवलं.

तिने सुधारलेल्या कार्मेल पंथातच, पॅरिसच्या मठात, लॉरेन्स नावाचा एक साधा सेवक होता. पूर्वाश्रमीचा सैनिक, लढाईत जखमी होऊन लंगडा झालेला. १६४० साली मठात आला, तर त्याला स्वयंपाकघरात टाकलं. गंमत म्हणजे त्याला स्वयंपाकाची मनापासून नावड! तरी सुमारे पंधरा वर्षं त्याने तेच केलं, पुढे चपला दुरुस्त करायचं काम केलं. त्याची साधना एकच, हातातलं काम देवाला सांगून, देवाच्या सोबतीने करायचं. प्रार्थनेची वेळ आणि भांड्यांच्या खडखडाटाची वेळ, यात त्याला फरक राहिला नाही. १६९१ मध्ये तो वारल्यावर त्याची पत्रं आणि संभाषणं कोणीतरी छापली. ते छोटंसं पुस्तक आजही जगभर वाचलं जातं.

ज्यू लोकांच्या गूढ परंपरेला कब्बाला म्हणतात. तिचा मुख्य ग्रंथ झोहर, तेराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमध्ये पुढे आला. हा अभ्यास चाळिशी उलटलेल्या, संसारात स्थिरावलेल्या माणसानेच करावा असा संकेत रूढ झाला. पुढे सोळाव्या शतकात साफेद या गावी इसाक लुरिया नावाचे गुरू झाले. तिथे जेमतेम दोन वर्षं राहिले आणि १५७२ मध्ये अडतिसाव्या वर्षी साथीच्या रोगात गेले. त्यांची शिकवण अशी, की सृष्टीच्या आरंभी देवाचा प्रकाश भांड्यांत ओतला गेला, भांड्यांना तो पेलला नाही, ती फुटली, आणि प्रकाशाच्या ठिणग्या सगळ्या वस्तूंत विखुरल्या. माणसाचं काम त्या वेचायचं. कुठे वेचायच्या? रोजच्या व्यवहारात. अन्नाचा घास योग्य भावनेने, प्रार्थना म्हणून घेतला तर त्यातलीही ठिणगी सुटते. आपल्याकडच्या ‘उदरभरण नोहे’शी नातं सांगणाराच हा विचार नाही का?

इथे एक सावधगिरीची सूचना. ‘सगळे धर्म शेवटी एकच सांगतात’ असं म्हणून टाळ्या घेणं सोपं आहे. मी तसं म्हणत नाही. झेनमध्ये सृष्टिकर्ता देवच नाही. तेरेसा चर्चच्या चौकटीबाहेर पाऊल टाकत नाही. रूमी पक्के मुसलमान आणि लुरिया पक्के ज्यू. त्यांचे ताळेबंद वेगळे आहेत, ते एकात मिसळू नयेत. पण या सगळ्यांच्या साधनेची वाट स्वयंपाकघरातून जाते, एवढी नोंद मात्र सगळीकडे सापडते.

आणि आपल्याकडे? तेराव्या शतकात, डोगेन, रूमी, एकहार्ट, झोहर यांच्याच शतकात, १२९० साली नेवाशाला ज्ञानेश्वरी झाली. यांपैकी आपल्या ज्ञानेश्वरांची वार्ता कोणाला नव्हती, आणि ज्ञानेश्वरांना त्यांची नव्हती. ज्ञानेश्वरांची गुरुपरंपरा नाथपंथाची. गहिनीनाथ, निवृत्तीनाथ, ज्ञानेश्वर. कुंडलिनीचा जो मार्ग नाथ योगी गुरुमुखातूनच देत, तो ज्ञानदेवांनी सहाव्या अध्यायात मराठीत, सगळ्यांसमोर मांडला. झाकलेलं ताट उघडून पंगतीत ठेवलं म्हणा ना!

आणि त्यांच्या योगसामर्थ्याची लोकांच्या सर्वांत लाडकी गोष्ट कोणती? मांड्यांची. मुक्ताबाईला मांडे भाजायला खापर मिळू नये अशी व्यवस्था विसोबा चाटी करतो, ती रडत घरी येते, आणि ज्ञानदेव योगाग्नी चेतवून म्हणतात, घे, माझ्या पाठीवर भाज. गोष्ट खरी की खोटी या वादात मी जात नाही. मला एवढंच दिसतं, की आपल्या लोकांनी कुंडलिनीचा उपयोग कशाला केला? धाकट्या बहिणीचा स्वयंपाक अडू नये म्हणून!

तेरच्या गोरोबाकाकांची गोष्टही तशीच. संतांची मांदियाळी जमलेली, मुक्ताबाई थापटणं दाखवून विचारते, काका हे काय? मडकी पक्की की कच्ची बघायचं साधन. मग आमची बघा की! काका एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत गेले. सगळे गप्प, नामदेव चिडले. झालं, मडकं कच्चं ठरलं. ते भाजायला नामदेव औंढ्या नागनाथाला कोणाकडे गेले? त्याच विसोबाकडे, जो आता विसोबा खेचर झाला होता.

आणि नामदेवांच्याच घरची जनाबाई. दळण, कांडण, पाणी, झाडलोट. इथे आपली परंपरा सगळ्यांच्या एक पाऊल पुढे जाते असं मला वाटतं. कोन्यात साधक देवासाठी भांडी घासतो. आपल्याकडे देवच जनीच्या जात्याला हात लावायला येतो. एकनाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन कावडीने पाणी भरतो.

हे सांगताना आपला ऊर भरून येतो. माझाही येत असे. पण एक प्रश्न मी कधी विचारला नव्हता. जनीला दळू लागायला देवाला यावं लागलं, तेव्हा घरातली माणसं काय करत होती?

आता थोडं माझ्या फजितीबद्दल. रिटायर झाल्यावर एका ठिकाणी ‘गुप्त दीक्षा’ देतात असं ऐकून मी गेलो. दोन दिवसांचं शिबिर, साडेसात हजार रुपये, पावती नाही. दुसऱ्या दिवशी कानात एक मंत्र सांगितला आणि कोणाला सांगू नका अशी शपथ घातली. पुढची पायरी पंचवीस हजारांची होती! बँकेत मी तीस-पस्तीस वर्षं लोकांचे कर्जाचे अर्ज बारकाईने तपासले, आणि इथे सही करून मोकळा झालो. घरी आल्यावर ही एवढंच म्हणाली, “तिथे चहाचे कप कोण विसळत होतं?” मी आठवायला लागलो. शिबिरवाल्यांपैकी कोणीच नाही. गावातल्या दोन बायका रोजावर आणल्या होत्या.

म्हणून माझ्या वयाच्या मित्रांना आणि आमच्या मुलांनाही सांगतो. मोबाइलवर रोज असे निरोप येतात. जाण्याआधी तीन गोष्टी तपासा. एक, घाई आहे का? खऱ्या परंपरा तुम्हाला दाराशी बसवून ठेवतात, सवलतीची शेवटची तारीख सांगत नाहीत. दोन, पैसे आधी मागतात की झाडू आधी देतात? आणि तीन, तिथून परत आल्यावर तुम्ही घरच्यांशी, शेजाऱ्यांशी, वॉचमनशी जरा बरे वागता की जास्त ताठ होता? ही तिसरी कसोटी तेरेसाची आहे. गोरोबाकाकांचं थापटणं म्हणा हवं तर.

आता पहिल्या गोष्टीकडे येतो. ही २०१९ मध्ये गेली. आपल्यापैकी पुष्कळ जण तेव्हा मदतीला धावलात. तीन महिने बी विंगमधून आणि सी विंगमधून मला डबा येत होता, ते मी विसरलेलो नाही. चौथ्या महिन्यात मी म्हटलं, आता पुरे. आणि वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी पहिल्यांदा कुकर लावला. पाणी किती घालायचं ते माहीत नव्हतं. डाळ कुठल्या डब्यात आहे ते माहीत नव्हतं. दोन कपाटं भरून पुस्तकं वाचलेला मी, माझ्याच घरातल्या ओट्याशी परका होतो.

एका संध्याकाळी तांदूळ निवडता निवडता सहज हिशेब केला. सवय जात नाही. त्रेचाळीस वर्षांचा संसार, माहेरपणाचे आणि आजारपणाचे दिवस वजा केले तरी चौदा हजारांच्या खाली येत नाही. एक हजार एक, भागिले. म्हणजे कोन्याच्या मठाची सेवा हिने चौदा वेळा पुरी केली होती, मध्ये न सोडता, आणि कोणी तिला कधी पांढरा झगा घातला नाही. मी ती जेवायला वाढत असताना ‘थांब, हे पान संपवतो’ म्हणून पुस्तकात डोकं घालून बसायचो. ते पुस्तक पुष्कळदा अध्यात्माचंच असायचं. बसमध्ये मी ज्या वाक्याला हसलो होतो, ते वाक्य असं होतं.

तिला सांगायचं राहून गेलं. म्हणून आज तुम्हाला सांगतो आहे.

घरोघरी राबणाऱ्या सगळ्या बायका संत असतात, असं म्हणून मी विषय गोड करणार नाही. तसं म्हणणं पुरुषांच्या फार सोयीचं असतं! नाइलाजाने केलेलं काम आणि साधना म्हणून पत्करलेलं काम यात फरक आहे. मठातले दरवेशी स्वतःहून आले होते, हिला कोणी विचारलं नव्हतं. पण तो फरक कमी करणं बाकीच्यांच्या हातात असतं. थोडं आपण उचललं की दुसऱ्याचं ओझं ओझं राहत नाही.

तेव्हा शेवटी एक सूचना. रौप्यमहोत्सवाच्या समारोपाला कॉमन प्लॉटवर महाप्रसाद आहे. पंचवीस वर्षं आपण पुरुष मंडळी वर्गणी, मांडव, लाउडस्पीकर आणि भाषणं सांभाळत आलो. यंदा भाजी चिरायला आणि जेवणानंतर पातेली घासायला साठीच्या पुढच्या पुरुषांची नावं लिहायला सेक्रेटरींनी कागद ठेवला आहे. पहिलं नाव माझं आहे. गुडघ्यांमुळे खाली बसता येत नसेल त्यांच्यासाठी टेबल मांडू. गूढ अनुभव येईल की नाही याची हमी मी देत नाही. पातेली मात्र स्वच्छ होतील.

सेक्रेटरी घड्याळ दाखवताहेत, आणि बाहेर चहा झालेला दिसतो. कप आपले आपण विसळू या.